फॉर्म भरून पोरं गेली, पुढं काय?

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या तालुक्यांत दोन गोष्टी पाठोपाठ घडतात. टोळ्या ट्रकात, ट्रॅक्टरात बिऱ्हाड टाकून कारखान्याकडं निघतात. आणि त्याच सुमाराला कॉलेजची पोरं-पोरी फायली घेऊन गावात यायला लागतात. कुणाच्या अंगात एनएसएसचा टी-शर्ट, कुणाच्या हातात मोबाईलवरचा फॉर्म. घरात माणसं किती, शिकलेली किती, शौचालय आहे का, गॅस आहे का, पाणी कुठून आणता, असं विचारतात. माहिती लिहून घेतात, पारावर सरपंचांसोबत फोटो काढतात, ग्रामपंचायतीचा शिक्का घेतात आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. त्या कागदाचं पुढं काय झालं, हे गावाला सहसा कळत नाही.

आता ही ये-जा वाढणार आहे. नवीन शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न बाकीच्या महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. या नव्या पदवीत नुसती पुस्तकं वाचून भागत नाही. क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग असे दोन वेगळे विषय आहेत, त्यांना श्रेयांक आहेत, म्हणजे मार्कशीटवर ते दिसतात. दोन श्रेयांकाच्या प्रत्यक्ष कामाला साधारण ६० तास धरले जातात. पूर्वी गावात येऊन पाहणी करणं हे समाजकार्य शिकणाऱ्यांचं किंवा एनएसएसवाल्यांचं काम होतं. आता बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सगळ्यांनाच ते आलं.

तसं हे काही आभाळातून पडलेलं नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, हा तिचा साचा आजही तोच आहे. शाळेत मुक्काम, सकाळी प्रभातफेरी, दिवसा श्रमदान, रात्री गावासमोर पथनाट्य, हे चित्र खेड्यातल्या तीन पिढ्यांनी पाहिलंय. त्यानंतर २०१४ मध्ये उन्नत भारत अभियान आलं. त्यात सहभागी होणाऱ्या प्रत्येक संस्थेनं किमान पाच गावं दत्तक घ्यायची असं ठरलं. आपलं गाव एखाद्या कॉलेजनं ‘दत्तक’ घेतलंय हे गावातल्या किती जणांना माहीत असतं, हा प्रश्न ज्यानं त्यानं आपल्या वाडीत विचारून बघावा.

नाव लिहिलं म्हणजे काहीतरी मिळणार

विद्यार्थ्याला वाटतं आपण फक्त प्रकल्प करतोय. दारातल्या म्हातारीला मात्र तसं वाटत नाही. तिचा अनुभव वेगळा आहे. घरकुलासाठी आधी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतली नावं धरली. ज्यांची नावं तेव्हा सुटली, त्यांच्यासाठी २०१८ साली आवास प्लसची पाहणी झाली, तीच गावोगाव ‘ड यादी’ म्हणून ओळखली गेली. तेव्हा जो घरी नव्हता, ज्याचा कागद कमी पडला, तो वर्षानुवर्षं पत्र्याखालीच राहिला. म्हणून कुणी वही-पेन घेऊन दारात आलं की ती बाई गळकं छप्पर दाखवते, आत नेऊन चूल दाखवते, "लिही बाई, हे पण लिही" म्हणते. ती प्रश्नाचं उत्तर देत नसते, अर्ज करत असते.

अशा वेळी "आम्ही योजनेचे नाही, कॉलेजचे आहोत" हे एक वाक्य आधी सांगणं विद्यार्थ्याचं पहिलं काम आहे. ते सांगितलं नाही तर म्हातारी सहा महिने वाट बघते आणि मग पुढच्या पोराला दारातूनच परत पाठवते.

कुलूप लावलेली घरं

खरी गोम वेळापत्रकात आहे. राज्यानं ठरवलेल्या आराखड्यात समुदाय सहभाग हा विषय बी.ए., बी.कॉम.ला चौथ्या सत्रात येतो. म्हणजे साधारण डिसेंबर ते एप्रिल. एनएसएसची शिबिरंही बहुतेक हिवाळ्यातच. आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, शेजारचं पाथर्डी, या पट्ट्यातली ऊसतोड कुटुंबं नेमकी याच काळात गावात नसतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरून हिशेब झालेला असतो, घराला कुलूप लागलेलं असतं. मागं म्हातारी माणसं आणि सोबत न नेता आलेली लेकरं.

विद्यार्थी काय करतो? कुलूप असलेलं घर सोडून पुढच्या दारात जातो. त्याला पन्नास फॉर्म भरायचे असतात, ते भरले जातात. फॉर्ममध्ये जे गाव उतरतं त्यात भूमिहीन कमी, स्थलांतर कमी, शाळेत जाणारी मुलं जास्त, शौचालयं जास्त. कुणीही खोटं लिहिलेलं नसतं. तरी अहवाल खोटा होतो.

दिवसाच्या वेळेचंही तसंच आहे. पोरं येणार सकाळी अकराच्या गाडीनं. त्या वेळी बाया खुरपायला, कापूस वेचायला गेलेल्या. पारावर बसलेले चार बापे सापडतात, तेच सगळ्या गावाची उत्तरं देतात. पाणी कोण भरतं हे त्यांना विचारलं तर "नळ आहे की" म्हणतात. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते घरातली बाई सांगू शकली असती. आणि गावठाणाच्या बाहेरची वस्ती, तांडा, पारध्यांची पालं, तिथवर चालत जायला कुणाला सवड नसते. गाव बघायचं तर मागच्या वाटेनं बघावं लागतं. कॉलेजचा तास मात्र डांबरी रस्त्यावरच संपतो.

मोजणीनं काय होतं

यावर कुणी म्हणेल, पोरांच्या प्रकल्पानं असं काय बिघडतं किंवा सुधारतं? बीड जिल्ह्याला याचं उत्तर माहीत आहे. ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्या जातात ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, पण ती कुजबुजीतच राहायची. २०१९ मध्ये पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी ती बाहेर काढली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली असल्याचं समोर आलं. त्यानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. दुखणं जुनंच होतं, पण आकडा समोर आल्यावर ते नाकारता येईना.

त्याहून जुनं उदाहरण डॉ. बाबा आढाव यांचं. १९७० च्या दशकात त्यांनी आणि कार्यकर्त्यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीत गावोगाव फिरून एकच साधा प्रश्न विचारला: सार्वजनिक विहिरीवर दलितांना पाणी भरू देता का? कायद्यानं अस्पृश्यता संपून तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. तरी उत्तरं काय आली ते महाराष्ट्रानं पाहिलं. तिथं पाहणी आणि चळवळ वेगळी नव्हती. प्रश्न विचारणारा माणूस नुसतं उत्तर लिहून निघून जात नव्हता, विहिरीवर सगळ्यांना सोबत घेऊन पाणी भरायला उभा राहत होता.

तिसरा नमुना गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचा. तिथं अभ्यास करणारे बाहेरून आले, पण अभ्यास त्यांच्यापुरता राहिला नाही. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते आणि देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी एकत्र बसले, अभ्यासगट चालवला. जंगल कुणाचं, निस्तार म्हणजे काय, कायदा काय म्हणतो, यावर आधी चर्चा, निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तोही सगळ्यांच्या संमतीनं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. विद्यापीठातली मुलं हे गाव बघायला येतात ती यामुळं. बघायची गोष्ट बांबू नव्हे, अभ्यासगट आहे. पण बसमधून उतरलेल्या सहलीला तो दिसत नाही.

आपलीच पोरं

एक गोष्ट मात्र या वेळी बदललेली आहे, आणि तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष नाही. पूर्वी पाहणीला येणारी मुलं पुण्या-मुंबईच्या संस्थांतली असायची. आता तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी मुलं याच गावांतली आहेत. काहींचे आई-बाप स्वतः फडावर आहेत. काही मुलं तर हंगामात हजेरी बुडवून त्यांच्यासोबत जातात आणि परीक्षेपुरती येतात. अशा मुलाला ६० तासांसाठी दुसऱ्या गावात पाठवण्यापेक्षा तो ज्या फडावर आहे तिथलेच तास का धरू नयेत? पहाटे किती वाजता कोयता हातात येतो, पाणी कुठून आणतात, सोबतच्या लेकरांपैकी शाळेत किती गेली, गावातल्या हंगामी वसतिगृहात किती राहिली, आजारी पडलं तर दिवसाचा खाडा किती कापला जातो. ही माहिती कुठल्याही प्राध्यापकाला मिळणार नाही, ती त्या मुलाच्या वहीत सहज येईल. मुलींचं तर आणखी. गर्भपिशवीचा विषय एखाद्या अनोळखी पोराला कोणती बाई सांगेल? शेजारच्या पोरीला सांगेल.

अडचण नाही असं नाही. आपल्याच गावात प्रश्न विचारणं अवघड असतं. रेशनचं धान्य पूर्ण मिळतं का असं विचारलं आणि दुकानदार निघाला भावकीतला, तर संध्याकाळी निरोप घरी येतो: "पोरीला सांगा, कॉलेज शिक, राजकारण नको." सरपंच चुलता असेल तर विहिरीचा प्रश्न वहीतून गळून पडतो. इथं कॉलेजनं पाठीशी उभं राहायला हवं. विषय ठरवून देणारं, ग्रामपंचायतीच्या नावे असलेलं पत्र विद्यार्थ्याच्या हातात असलं, दोन-तीन मुलांचा गट असला, प्राध्यापक एकदा तरी स्वतः गावात येऊन बसले, तर त्या पोरीवर एकटीवर भार येत नाही. ज्या प्राध्यापकाकडं वर्गभर मुलांच्या वह्या आहेत त्याला ते जमेल का, ही शंका रास्त आहे. पण तो प्रश्न विद्यापीठानं सोडवायचा आहे, गावानं नव्हे.

गावानं काय मागावं

गावाच्या हातातही काही गोष्टी आहेत. शिक्का फुकट देऊ नये. शिक्क्याच्या बदल्यात अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत जमा झाली पाहिजे, मराठीत, आणि सोबत एक पानी गोषवारा, जो कुणालाही वाचता येईल. कोणतं कॉलेज कधी आलं, काय विचारलं, प्रत दिली की नाही, एवढं लिहायला एक साधं रजिस्टर पुरतं.

आधार क्रमांक, बँकेचं पासबुक, ओटीपी यातलं काहीही विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला लागत नाही. कुणी मागितलं तर देऊ नये, मग टी-शर्ट कोणताही असो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय आणि त्याचा पाया संमती आहे. घराचा, लेकरांचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं. नको म्हटलं तर नको.

आणि प्रश्न गावानंही सुचवावेत. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा २ ऑक्टोबरनंतर आकार घेतो आणि जानेवारीपर्यंत उरकत येतो. पोरांची माहिती एप्रिलात तयार होते, म्हणजे त्या वर्षीच्या आराखड्याला तिचा उपयोग शून्य. तिसऱ्या सत्रातला क्षेत्र प्रकल्प जुलै ते ऑक्टोबर असतो. तेव्हा टोळ्याही गावातच असतात. कोणत्या वस्तीला रस्ता नाही, कोणत्या अंगणवाडीचं छप्पर गळतं, कोणत्या हातपंपाचं पाणी पिण्याजोगं नाही, ही यादी त्या काळात मुलांनी घरोघर फिरून केली, तर ती ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेतही मांडता येते आणि ग्रामसभेतही.

चौथ्या सत्राच्या वह्यांसाठी १ मेची ग्रामसभा आहे. तोवर बहुतेक टोळ्या गावात परतलेल्या असतात. जानेवारीत ज्या घरांना कुलूप होतं, त्या घरांतली माणसं तेव्हा समोर बसलेली असतील. पोरांनी त्यांच्यासमोर उभं राहून आपला गोषवारा वाचावा, आणि त्यात काय सुटलंय ते त्यांनीच सांगावं.