हात आणि गळा

भाद्रपद लागण्यापूर्वीं आमच्या हिंगोलीच्या घरीं एक लहानसा कलह माजला होता. मधल्या बंधूंच्या चिरंजीवांनीं बेस गिटार नांवाचें वाद्य आणिलें, आणि वडील मंडळींनीं 'हें गात नाहीं, नुसतें गुरगुरतें' असा निकाल देऊन त्या उभयतांची रवानगी मागल्या पडवींत केली. त्यावर आमच्या वहिनी एवढेंच म्हणाल्या, "औंढ्यालाही नामदेवांना देवळामागेंच पाठविलें होतें म्हणतात; मग देऊळच फिरलें!" नागनाथाची ही कथा वाचकांस ठाऊक असेलच, आमच्या जिल्ह्यांत ती अंगणांत खेळणाऱ्या मुलासही येते.

चिरंजीवांची खरी अडचण मात्र निराळी होती. मित्रांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चौघे, गाणारा कोणी नाहीं. तेव्हां गाणेंही यांच्याच गळ्यांत पडलें. गणेशोत्सवांतील कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलेला, आणि स्थिति अशी कीं, तोंड उघडलें कीं बोटें अडत, बोटें चाललीं कीं शब्द पळत. "काका, मी गाणें सोडतों," असें एके रात्रीं ते आम्हांस म्हणाले, तेव्हां त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें.

याचें कारण वाद्याच्या स्वभावांतच आहे. पेटीवर गाणाराचीं बोटें गळ्याच्या मागोमाग जातात. तंबोरा तर आधारस्वर धरून निश्चिंत असतो. साध्या गिटारीवर हात तालासरशीं खालींवर होत राहतो. बेस गिटारीचें तसें नाहीं. १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं विक्रीस आणिल्यावर जगभर पसरलेल्या या वाद्यास चारच जाड तारा, त्याही साध्या गिटारीहून एक सप्तक खर्जांत मिळविलेल्या. ढोलाचा ठोका व गाण्याचा सूर यांना जोडणारी एक स्वतंत्र सुरावट चालविणें हें त्याचें काम. बोटांना ठोक्यास चिकटून राहावें लागतें, शब्द तर ठोक्याच्या मागेंपुढें खेळतात. म्हणजे एकाच माणसानें दोन हातांनीं दोन निराळीं पत्रें लिहावयाचीं! तरी हें साधतें. बीटल्स या इंग्रज मंडळींतला बेसवाला १९६१ सालीं निघून गेला, तेव्हां तें वाद्य पॉल मॅकार्टनी यांच्याकडे आलें, आणि पुढें वर्षानुवर्षें ते तें वाजवीत गात आले.

आमचे थोरले बंधू नरसीस, नामदेवांच्या गांवीं, सप्ताहांत वीणा घेऊन उभे राहतात. त्यांनीं प्रथम स्वतःचाच दाखला दिला: "वीणेवर हात चालतो आहे, हें मला आठवतही नाहीं." चिरंजीवांनीं नम्रपणें पण चोख उत्तर केलें, "मोठे काका, तुमची वीणा एकच आधार धरते. मला स्वर बदलावे लागतात." आक्षेप खरा होता, आणि दादांनीं तो मानला, याचें आम्हांस विशेष वाटलें. (दादा सहसा कांहीं मानीत नाहींत.) "मग टाळकऱ्याकडे पाहा," ते म्हणाले. "हातीं टाळ, पायांत पावली, मुखीं अभंग. अरे, तो तिन्ही एका दिवशीं शिकतो काय?"

दुसऱ्या दिवसापासून पडवींत निराळाच वर्ग भरूं लागला. आधीं गाणें बंद. चिरंजीवांनीं सुरावट वाजवीत राहावयाचें आणि दादांनीं मध्येंच विचारावयाचें, "आज मोंढ्यांत हळद काय भावानें गेली?" उत्तर देतांना बोटें थांबलीं तर पुन्हां पहिल्यापासून. पांचसहा दिवसांनीं हळदीचा भाव बिनचूक येऊं लागला. मग शब्दांवांचून गुणगुणणें. मग शब्द, पण सुराविना, बोलल्यासारखे, विलंबित लयींत. आणि कोणतें अक्षर कोणत्या आघातावर पडतें, याच्या खुणा वहींत पेन्सिलीनें. जेथें मेळ बसेना तेथें बोटांची कारागिरी गाळून मूळ स्वर तेवढा ठेविला. चिरंजीवांस ती माघार वाटली. आम्हांस तसें वाटत नाहीं. समोर बसलेला श्रोता शब्दांसाठीं आलेला असतो.

कार्यक्रमाच्या रात्रीं दुसऱ्या कडव्यांत बोटें एकदां चुकलीं. गळा थांबला नाहीं, आणि दोन मात्रांत बोटें परत जागेवर आलीं. गिटार अद्याप मागल्या पडवींतच असते. दादांनीं मात्र संध्याकाळची आपली आरामखुर्ची तिकडे नेली आहे.