लाल दिवा आणि ‘जाईल की!’

मंडळी, आमच्या बेंबळीकडं एक वाक्य फार महागात पडतं. "काही होत नाही, धाराशिवपर्यंत जाईल की!" समोर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागलेला, आणि गाडी लग्नाच्या घाईत पळतेय.

लोकांना वाटतं, पेट्रोलच्या काट्यासारखंच हे, सावकाश भरू. साफ चूक! लाल दिवा पातळी नाही, ऑइलचा दाब सांगतो. (पातळीचा दिवा काही गाड्यांत वेगळा, पिवळा असतो.) दाब गेला की बेअरिंगला ऑइल मिळत नाही, धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम.

म्हणून गाडी तिथंच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. जागा सपाट हवी. दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. खालच्या खुणेखाली असेल तर योग्य ग्रेडचं ऑइल थोडं थोडं भरा, वरच्या खुणेपुढं नको. मग ते गेलं कुठं ते शोधा: खाली गळतंय की निळसर धुरातून जळतंय? पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल, तर स्विच, पंप, तुंबलेली जाळी किंवा झिजलेली बेअरिंगं. निकाल प्रेशर गेज लावूनच.

आणि "सेन्सरच खराब असेल" म्हणत वायर काढून टाकणारे महाभाग! राखणीचं कुत्रं भुंकतं म्हणून त्याचंच तोंड बांधायचं? स्विच खराब असेलही, पण ते तपासून ठरवा. तोवर टोचन करून न्या. त्यात कसली आलीय लाज?