चाळीस वह्या, एकच ताप

प्रिय पालक, विश्वस्त व विद्यार्थी मित्रहो,



मागच्या महिन्यात आपली एक माजी विद्यार्थिनी शाळेत भेटायला आली. वाटले, पेढे घेऊन आली असेल, पण चेहरा उतरलेला होता. ती आणि तिचे यजमान कॅनडात स्थायिक होण्याच्या तयारीत आहेत. त्यासाठी तिने आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली. तिने ज्या कुशल कामगार योजनेत अर्ज करायचे ठरवले आहे, तिच्यात ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे या चारही भागांत किमान ६ बँड लागतो. तिला तीन भागांत सात मिळाले आणि लेखनात साडेपाच. "बाई, पत्रातच गेलं," ती म्हणाली. "क्लासमध्ये वीस पत्रं पाठ करून घेतली होती. एकविसावं आलं."

मला हसू आले नाही, कारण पत्र पाठ करायची ही सवय तिला क्लासने लावलेली नव्हती. ती मी लावली होती.

मी स्वतः हिंदी माध्यमाची पदवीधर. आमच्या वेळी 'सेवा में, श्रीमान प्राचार्य महोदय, सविनय निवेदन है कि' इथून अर्ज सुरू व्हायचा. पुढे इंग्रजी शिकवायची वेळ आली तेव्हा मलाच त्या भाषेची भीती वाटत होती. म्हणून मी सुरक्षित वाट धरली. फळ्यावर रजेचा अर्ज लिहून द्यायचा आणि मुलांनी तो उतरवून पाठ करायचा. सहामाहीत चाळीस उत्तरपत्रिका यायच्या आणि चाळीसही मुलांना ताप आलेला असायचा. कुणाच्या घरी लग्न नाही, कुणाची आजी आजारी नाही, कुणाची सायकल पंक्चर नाही. मी मात्र दहापैकी आठ गुण देऊन मोकळी होत असे. ती मुलगी त्या चाळिसांतली एक.

आता ही परीक्षा काय मागते ते पाहू. पालकांचा इथे बराच गोंधळ होतो. शिक्षणासाठी परदेशी जाणारी मुले बहुधा 'अकॅडेमिक' प्रकार देतात. त्यात पत्र नसते, आलेख किंवा तक्त्याचे वर्णन असते. नोकरी किंवा स्थायिक होण्यासाठी बहुधा 'जनरल ट्रेनिंग' द्यावी लागते आणि त्यात पत्र असते. लेखनाला एक तास मिळतो. पत्र किमान १५० शब्दांचे, त्याला साधारण २० मिनिटे. निबंध किमान २५० शब्दांचा, त्याला ४० मिनिटे. निबंधाचे वजन पत्राच्या दुप्पट असते, तेव्हा तिच्या साडेपाचाचा सगळा दोष पत्राचा नसेलही. पण पत्र हा त्यातला सोपा भाग. हातचे गुण जातात ते तिथे.

प्रश्नात एक प्रसंग दिलेला असतो आणि तीन मुद्दे. समजा, भाड्याच्या घरातला हीटर बिघडला आहे. घरमालकाला लिहायचे आहे: काय बिघडले, त्याचा काय त्रास होतो, आणि त्यांनी काय करावे. पाठ केलेले पत्र म्हणते, 'मी अत्यंत दुःखाने आपले लक्ष वेधू इच्छितो.' स्वतःचे पत्र म्हणते, 'मंगळवारी संध्याकाळपासून हीटर बंद आहे. घरात सहा महिन्यांचे बाळ आहे, रात्री ते झोपत नाही. शनिवारी सकाळी मी घरी आहे, तेव्हा मिस्त्री पाठवता येईल का?' दुसऱ्यात एकही अवघड शब्द नाही, पण तिन्ही मुद्दे आले. पाठ मजकूर परीक्षकाला ओळखू येतो आणि त्याचे गुण मिळत नाहीत. तीनपैकी एक मुद्दा राहिला किंवा शब्द कमी पडले तरी गुण कापले जातात. पत्ता घालायची मात्र गरज नसते. आपल्याकडची मुले तिथेच दोन मिनिटे घालवतात.

दुसरी गोष्ट मायन्याची. नाव माहीत नसलेल्या अधिकाऱ्याला 'डिअर सर ऑर मॅडम' लिहिले तर शेवटी 'युवर्स फेथफुली'. आडनावाने लिहिले तर 'युवर्स सिन्सिअरली'. मैत्रिणीला तिच्या नावाने, आणि शेवट 'बेस्ट विशेस'. मुलांना हे परके वाटते, पण आपल्या घरात हे नवे नाही. वडिलांना 'तीर्थरूप' आणि साष्टांग नमस्कार, धाकट्याला 'चिरंजीव' आणि अनेक आशीर्वाद, परक्या गृहस्थांना 'रा. रा.' हा भेद आपल्या आज्यांना तोंडपाठ होता. वाचणारा कोण, हे ठरल्यावरच पत्राचा सूर ठरतो. इंदूरला राहून पुण्याच्या आणि ग्वाल्हेरच्या नातेवाइकांना पत्रे लिहीत आपली मराठी टिकली. फोन आले, पत्रे थांबली आणि मुलांची ही सवय मोडली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पत्राची तयारी परीक्षेच्या दीड महिना आधी क्लासमध्ये होत नाही. ती पाचवीत, स्वतःच्या भाषेत, खऱ्या माणसाला खरे काही कळवताना होते. ज्याला आजीला मराठीत घरची हकीकत नीट लिहिता येते, त्याला इंग्रजीत फक्त शब्द शिकायचे राहतात. ज्याला सांगण्यासारखे काही सुचतच नाही, त्याला वीस पत्रेही पुरत नाहीत.

येत्या सत्रापासून इयत्ता पाचवी ते दहावी दर शनिवारी एक तास पत्राचा ठेवावा, असा माझा विचार आहे. पहिले पत्र मराठीत, दुसरे हिंदीत, तिसरे इंग्रजीत. फळ्यावर नमुना नसेल. महिन्यातून एक पत्र खरोखर पोस्टात पडेल. त्याच्या खर्चास विश्वस्त मंडळाने मंजुरी द्यावी, ही विनंती. पालकांना एवढेच सांगणे आहे की पत्रांची गाइडे आणू नका. मुलाने लिहिलेले आधी वाचा, चुका नंतर काढा. पहिल्या काही महिन्यांत गुण कमी दिसतील. तेव्हा रागवायचे असेल तर माझ्यावर रागवा.

ती माजी विद्यार्थिनी आता दर रविवारी माझ्या घरी येते. पहिल्या दिवशी मी तिला म्हटले, इंग्रजी राहू दे, कॅनडाला का जायचंय ते मला मराठीत पत्रातून कळव. तिने चार पाने लिहिली. त्यांत ताप कुणालाच आलेला नव्हता.

आपली,
प्राचार्या