हळद पुसणारा प्रीसेट

लग्नाच्या फोटोखाली आपण दोनच प्रकारच्या कमेंट करतो. पहिली उघड: ‘नाइस कपल’, ‘मेड फॉर इच अदर’, तीन लाल बदाम. दुसरी नातेवाइकांच्या खासगी ग्रुपवर: ‘मुलगी रंगाने जरा कमीच’, ‘जोडा शोभत नाही’. पहिलीत फोटोबद्दल काही नसतं. दुसरीतही नसतं, ती नुसती माणसांच्या कातडीबद्दल असते. ज्या फोटोंसाठी लोक कर्ज काढतात, ते रचले कसे, चौकटीत कोणाला घेतलं, कोणाला कापलं, कुठला रंग ठेवला आणि कुठला घालवला, यावर कोणी अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं एवढंच की काढलं पाहिजे. आणि जरा कडक काढलं पाहिजे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. वाचणारा आळशी असला की तो चार अक्षरं टाकून मोकळा होतो: एलजीटीएम, म्हणजे ‘मला तर ठीक दिसतंय’. ज्या टीममध्ये हा शेरा जास्त, त्या टीमचे फोन रात्री तीनला वाजतात. लग्नाच्या फोटोंवर आपण सगळे मिळून वर्षानुवर्षं नुसता एलजीटीएम मारत आलोय.

मी राहतो द्रोणागिरीत. पनवेलच्या पलीकडे, उरण तालुक्यातला हा सिडकोचा नोड. एका बाजूला बंदराच्या क्रेन, दुसऱ्या बाजूला खाडी आणि तिवरं, मध्ये अर्धवट उभे टॉवर आणि त्यांच्या मधोमध टिकून राहिलेली आगरी-कोळी गावं. इथे हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी असते, हे वेगळं सांगायला नको. म्हणून हळदीपासूनच सुरुवात करू.

गेल्या दोन लग्नसराईंत माझ्या फोनवर आलेले हळदीचे फोटो मी मुद्दाम एकाखाली एक लावून पाहिले. त्यांतल्या बहुतेकांत हळद पिवळी नव्हती. कुठे ती चंदनासारखी दिसत होती, कुठे मुलतानी मातीसारखी. हिरवा चुडा शेवाळी झालेला, झेंडू तपकिरी पडलेला. हे आपोआप होत नाही. फोटो एडिट करायच्या लाइटरूममध्ये रंगांचे आठ पट्टे असतात आणि प्रत्येकाचा गडदपणा आणि उजेड वेगळा हलवता येतो. माणसाची त्वचा, गोरी असो की सावळी, मुख्यतः नारिंगी पट्ट्यात येते. हळद, झेंडू, मामाने दिलेली पिवळी साडी हे सगळं पिवळ्यात. चेहरा उजळायचा म्हणून नारिंगीचा उजेड वर ओढला जातो. मग चेहऱ्यावरची पिवळट छटा खटकते म्हणून पिवळा खाली दाबला जातो. हिरवाही दाबला जातो, कारण सध्या मातकट, ‘सिनेमॅटिक’ रंगांची चलती आहे. हे सगळं एका फाइलमध्ये बांधून विकतात, तो प्रीसेट. एक क्लिक, आणि पाचशे फोटोंवरची हळद एकदम उतरते.

ज्या विधीचं नावच हळद, त्या विधीच्या फोटोतून हळद काढून टाकायची, आणि ती का काढायची, तर नवरी गोरी दिसावी म्हणून! मी याला सौंदर्यदृष्टी म्हणायला तयार नाही.

याची मुळं जुनी आहेत. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं एक नमुना-छायाचित्र असायचं. त्याला म्हणत ‘शर्ली कार्ड’. त्यावर गोरी बाई. ती नीट दिसली की मशीन नीट लागलं असं समजायचं. सावळी माणसं त्या हिशोबात नव्हतीच. कोडॅकने पुढे फिल्म सुधारली, आणि त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारींचा हात होता असं सांगतात. त्यांच्या मालातल्या तपकिरी छटा फोटोत वेगवेगळ्या दिसत नव्हत्या. माणसांसाठी जे झालं नाही ते कपाटांसाठी झालं. आता तंत्र बरंच पुढे गेलंय. २०२१ मध्ये गूगलने पिक्सेल ६ फोनमध्ये ‘रिअल टोन’ आणलं ते सावळ्या-काळ्या त्वचेचे रंग खरे यावेत म्हणूनच. म्हणजे तिकडे कॅमेरा आपला रंग पकडायला शिकतोय, आणि इकडे आपण पकडलेला रंग स्लायडरने पुसतोय. ग्रुपवर ‘रंगाने कमी’ म्हणणारी मावशी आणि हा प्रीसेट एकच काम करतात. प्रीसेट फक्त चारचौघांत लाइक मिळवतो.

दुसरी गोष्ट, कोण कोणाकडे बघतंय. प्रत्येक जोडफोटोत नजरांची एक रेघ असते. ती बोटाने ओढून पाहा. नवरा कॅमेऱ्याकडे किंवा क्षितिजाकडे बघतो, नवरी नवऱ्याकडे. नवरा बाहीचं बटण लावतो, नवरी मागून खांद्यावर हनुवटी टेकते. तो गॉगल लावून उभा, ती पदर उडवत धावत येते. एखाद्या फोटोत हे असलं तर काही बिघडत नाही. पण अख्ख्या अल्बममध्ये एकदाही ती कॅमेऱ्यात रोखून बघत नसेल आणि तो तिच्याकडे बघत नसेल, तर ते रोमँटिक नाही. शर्ट बदललेला तो जुनाच स्टुडिओ-फोटो आहे, ज्यात नवरा खुर्चीत बसायचा आणि बायको खुर्चीमागे उभी राहायची.

गंमत म्हणजे आपल्याच विधीत याहून चांगली रचना तयार पडली आहे. अंतरपाट घ्या. मध्ये उभं कापड, दोन्ही बाजूंना दोन माणसं, एकाच पातळीवर, हातात सारखेच हार. मागे मामा, करवल्या, हवेत अक्षता. आणि सगळ्यांचं लक्ष त्या एका कापडावर, जे आता खाली येणार आहे. तोल, ताण, वेळ, सगळं एका चौकटीत. फक्त बाजूला, पुरेसं मागे उभं राहून वाट बघायची. पण त्या क्षणी फोटोग्राफर नवरीच्या नाकासमोर असतो. ८५ मिलिमीटरची लेन्स, डायफ्रॅम सताड उघडा, एक डोळा आणि अर्धी नथ तेवढी स्पष्ट. अंतरपाट खाली येतो तो फोटोत नसतोच. मग हार परत घालायला लावतात, या वेळी नवऱ्याला मित्रांनी वर उचललेलं. तो उंच, ती टाचा वर करून.

या सताड उघड्या डायफ्रॅममधून तिसरा मुद्दा निघतो. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आहे: मागचं सगळं धूसर करण्याचा.

या भागाचा इतिहास थोडक्यात असा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. भाताची शेतं, मिठागरं, खार जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच माणसं मेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. त्यासाठी शेवा कोळीवाड्यासारखी गावं जागेवरून उठली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही. पन्नास-पंचावन्न वर्षांत एका भूभागाचा चेहरा पूर्ण बदलला.

आता सांगा, जुना चेहरा कुठे आहे? सातबाऱ्यावर जमिनीचं क्षेत्रफळ मिळतं, ती दिसायची कशी ते मिळत नाही. ऐंशीच्या दशकात इथे कोणाकडे शेताचा फोटो काढायला कॅमेरा होता? कॅमेरा यायचा तो लग्नाला. ३६ फोटोंचा एक रोल, फार तर दोन. आमच्या नात्यातल्या त्या वेळच्या अल्बमांत जोडपी ताठ उभी आहेत, अवघडलेली, डोळे मिचकावलेली. रचना म्हणून शून्य मार्क. पण त्यांच्या मागे सगळं स्पष्ट आहे: कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, मांडवाच्या डहाळ्या, मांडवापलीकडची कापणी झालेली खाचरं, कडेला वाळत घातलेलं जाळं. आणि जोडप्याशेजारी बसलेली धवलारीण, जिच्या धवळ्यांशिवाय आगरी लग्न लागत नसे. फोटोग्राफरने फ्लॅश मारून आणि भिंग बारीक ठेवून काम उरकलं होतं, म्हणून हे सगळं वाचलं. आजच्या अल्बममध्ये धवलारीण आली तर ती कोपऱ्यातला एक गुलाबी ठिपका असते.

१४३४ मध्ये यान व्हान आयकने एका जोडप्याचं चित्र काढलं. आर्नोल्फिनी नावाने ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते लग्नाचं आहे की नाही यावर विद्वान अजून भांडतात. पण लोक सहाशे वर्षांनीही त्यासमोर थांबतात ते खोलीमुळे: झुंबर, काढून ठेवलेल्या चपला, खिडकीतली फळं, आणि मागच्या भिंतीवरचा गोल आरसा, ज्यात दारात उभी आणखी दोन माणसं दिसतात. जोडपं कुठल्या घरातलं, समोर कोण होतं, हे चित्रकाराने सांभाळलं. आपण लाखांचा कॅमेरा घेऊन नेमकं तेच घालवतो.

आणि प्री-वेडिंगला तर पार्श्वभूमीच भाड्याने आणतो. प्लायवुडचं पॅरिस, फायबरचा राजवाडा, लाल टेलिफोन बूथ. घराजवळ पाणजेच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरतात, खाडीवर संध्याकाळ होते, रस्त्याकडेला लाल-निळ्या कंटेनरच्या भिंतीच्या भिंती उभ्या असतात. बंदराच्या आत कॅमेरा नेता येत नाही, हे मान्य. पण बाहेरून दिसणाऱ्या क्रेनना काय झालंय? ज्या बंदरासाठी जमीन गेली आणि ज्यात आज नवरा नोकरी करतो, ते त्याच्या फोटोत यायला लाजिरवाणं का वाटतं?

यावर उत्तरं ठरलेली आहेत. ‘त्यांचा दिवस, त्यांचे पैसे, तुला काय?’ दिवस त्यांचा, बरोबर. पण फोटो सार्वजनिक आहे, आणि पुढचं लग्न तो बघून ठरतं. मी नवरीच्या नाकावर बोलत नाहीये, फोटोग्राफरच्या आणि आपल्या निवडीवर बोलतोय. हा फरक आपण शिकलो तर ती खासगी ग्रुपवरची घाणही कमी होईल, कारण बोलायला दुसरं काहीतरी असेल.

‘पोरांच्या पोटावर पाय देऊ नकोस.’ उलट आहे. गावातली पोरं हप्त्यावर कॅमेरे घेऊन या धंद्यात उतरली आहेत, आणि गिऱ्हाईक त्यांना पिंटरेस्टवरचा फोटो दाखवून ‘सेम टू सेम’ सांगतं. त्यांच्या कामावर कोणी गंभीरपणे बोलत नाही, म्हणूनच त्यांना बटण दाबणारा समजून भाव पाडला जातो. समीक्षा ज्याची होते त्यालाच कलावंत म्हणतात.

‘पूर्वीच्या स्टुडिओतही रंगवलेले पडदे होतेच की.’ होते. पण पडदा पडदाच दिसायचा, खालची सुरकुती लपत नसे. आणि ‘आमच्या आईबापांना जे स्वप्न परवडलं नाही ते आम्ही जगतोय’ हे सगळ्यात खरं उत्तर आहे, त्यावर मी हसणार नाही. जगा. फक्त सगळ्यांचं स्वप्न एकाच सेटवर, एकाच रंगात का, आणि त्यात आपलं दार कुठेच का नाही, एवढं विचारतो.

तेव्हा पुढच्या लग्नात फोटोग्राफरला आगाऊ देताना तीन गोष्टी लिहून द्या. हळदीचे दहा फोटो कुठलाही प्रीसेट न लावता. अंतरपाटाचा एक फोटो बाजूने, मागून, सगळ्या माणसांसकट. आणि जोडप्याचा एक फोटो स्वतःच्या दारात, भिंग एफ ८ वर, मागचं घर, गल्ली, टॉवर, क्रेन जे असेल ते स्पष्ट, शेजारी धवलारीण बसलेली. अल्बम हातात आला की ‘छान आलाय’ म्हणून मिटू नका. काय छान आलंय ते सांगा. आणि हळद फिकी आली असेल तर फाइल परत पाठवा.