याला चमत्कार म्हणू नका
28 मे 2023. आइस हॉकीच्या जागतिक स्पर्धेत लातवियानं अमेरिकेला जादा वेळेत 4-3 हरवून कांस्य जिंकलं. मध्यरात्री संसद भरली, दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी. सगळे म्हणाले, चमत्कार! मला हा शब्दच खटकतो. जेमतेम 19 लाखांचा हा देश 1997 पासून वरच्या गटातून एकदाही घसरलेला नाही. तिथे 16 संघ. तळाचे दोन खाली, हा नियम. दर मे महिन्यात ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन खेळायचं, आणि आपण मात्र पदक दिसलं तरच टाळ्या वाजवणार? चमत्कार एका रात्रीत होतो. टिकायला पंचवीस वर्षं लागतात. माझ्या लेखी ती सुट्टी त्या वर्षांची होती.