विश्लेषण : सूर्याचे ‘ईयूव्ही’ किरण अंतराळातूनच का मोजावे लागतात?

भिवंडीतील नारपोलीच्या गोदामांतून माल घेऊन निघणारे टेम्पोचालक मोबाइलवरील नकाशाच्या भरवशावर पत्ता शोधतात. तो नकाशा किती अचूक ठरेल, यात सूर्याच्या तीव्र अतिनील, म्हणजे ‘ईयूव्ही’ किरणांचाही वाटा असतो.

हे किरण कोणते?
साधारण १० ते १२१ नॅनोमीटर तरंगलांबीचे. वातावरणाचे वरचे थर ते शोषून घेतात. ते जमिनीपर्यंत पोहोचतच नसल्याने मोजणीसाठी अंतराळयान लागते.

परिणाम काय होतो?
या किरणांमुळे वरच्या हवेतील अणू-रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि आयनांबर तयार होते. त्यातून येताना जीपीएसचे संदेश रेंगाळतात. दुरुस्ती न केल्यास ठिकाण काही मीटरपासून दहा-वीस मीटरपर्यंत चुकू शकते. शिवाय वरचे वातावरण तापून फुगते आणि उपग्रहांची घसरण वाढते. १९७९ मध्ये ज्या ‘स्कायलॅब’ने भारतात धास्ती पसरवली, ती अपेक्षेआधीच कोसळली ती यामुळेच. ११ वर्षांच्या सौरचक्रात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्क्याने बदलते. ईयूव्ही मात्र काही तरंगलांबींत दुपटीहून अधिक.

मोजणी कशी होते?
नासाच्या ‘एसडीओ’ यानावरील ‘ईव्ह’ उपकरण २०१० पासून हे काम करते. पण हेच किरण उपकरणाच्या गाळण्या आणि संवेदकांची क्षमता घटवतात. आकडा उतरला, तर सूर्य मंदावला की उपकरण? हे ठरवण्यासाठी तसेच उपकरण अधूनमधून अग्निबाणातून काही मिनिटांसाठी वर पाठवून आकडे ताडून पाहिले जातात. तरीही २०१४ मध्ये ‘ईव्ह’चा एक भाग निकामी झालाच.

भारत कुठे आहे?
२ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या ‘आदित्य एल-१’वर पुण्याच्या ‘आयुका’ने साकारलेली ‘सूट’ दुर्बीण आहे. ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्य टिपते. यानावरील अन्य दोन उपकरणे त्याचे क्ष-किरण मोजतात. मधला ईयूव्ही पट्टा मात्र रिकामा राहिला आहे.

‘गगन’ यंत्रणा आयनांबरातील विलंब जमिनीवरून मोजते, म्हणजे परिणाम आपण मोजतो. कारणासाठी मात्र परक्या यानांच्या आकड्यांवर विसंबतो. स्वतःची ‘नाविक’ दिशादर्शन प्रणाली आणि वाढता उपग्रह ताफा असलेल्या देशाला ही उसनवारी फार काळ परवडणारी नाही. पुढच्या सौर मोहिमेत ईयूव्ही मापकाला जागा हवी. तीही त्याची झीज तपासण्याच्या व्यवस्थेसह; कारण न तपासलेला आकडा नसलेल्या आकड्याहून घातक ठरू शकतो.