चाकावरचा पुरुषार्थ

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपांसमवेत मृद्भांड्यांचे अवशेषही मिळाले. कुंभाराची ती कला आज दुकानाच्या हिशेबातून सवड काढून छंद म्हणूनही शिकता येते. मळलेला गोळा फिरत्या चाकाच्या मध्यावर स्थिर करणे, ही पहिली कसोटी. तो किंचित ढळला, तरी भांडे डगमगते. कच्चे भांडे बिघडल्यास माती पुन्हा भिजवता येते; भाजल्यावर ती संधी नाही. उपासकदशांग सूत्रातील सद्दालपुत्र कुंभार सर्व काही नियतीच ठरवते, असे मानी. भांडी प्रयत्नाने घडतात की प्रयत्नाविना, असा प्रश्न भगवान महावीरांनी त्याला केला. चाकावर बसणाऱ्यास त्याचे उत्तर स्वतःच्या ओल्या हातांत गवसते. या छंदाचा खरा आनंद तोच.